गॅसबत्ती घासायच्या आधी

माझी पहिली गॅसबत्ती मी घासून मारली. पुलगावकडच्या एका आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यातून साडेतीनशे रुपयांना उचलली, घरी आणली आणि अंगणात बसून चिंचेचा कोळ, चुलीची राख, शेवटी पॉलिश पेपर असा दिवसभर तिच्या मागे लागलो. दिवेलागणीपर्यंत टाकी सोन्यासारखी पिवळी झाली. शेजारीपाजारी पाहून गेले. दोन वर्षांनी एका जाणत्या माणसानं ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि एवढंच विचारलं, "टाकीवर काय लिहिलं होतं?" काहीतरी होतं. गोल शिक्का होता, त्याखाली ठोक्यानं कोरलेले काही ठिपके होते. आता तिथे गुळगुळीत पितळ आहे. ती बत्ती अजून माझ्या कपाटात आहे. चमकते छान, पण कोणाची, कुठली, कधीची, काही सांगत नाही.

म्हणून हा लेख. नुकती एखादी बत्ती माळ्यावरून खाली काढली असेल, किंवा घ्यावीशी वाटत असेल, तर घासायला बसण्याआधी वाचा.

बत्ती आणि कंदील यांत घोळ नको

आपल्याकडे जुनं दिसलं की सगळ्यालाच कंदील म्हणतात. कंदिलात वात असते. ती रॉकेल ओढते आणि काचेत पिवळी ज्योत जळते. ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता, तो या जातीचा. गॅसबत्तीला वात नसते. खाली टाकी, टाकीला पंप. हवा भरली की दाबानं रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती बारीक छिद्रातून जोरात सुटते, हवेत मिसळते आणि जाळीत जळते. उजेड ज्योतीचा नसतो, तापून पांढऱ्या झालेल्या जाळीचा असतो. 'गॅस' हे नाव त्या वाफेमुळे पडलं असावं. बाकी गॅसचा तिथे काही संबंध नाही.

या जाळीला गावात 'मेंटल' म्हणतात. तिचा जनक ऑस्ट्रियाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. त्यानं १८८५ मध्ये पहिलं पेटंट घेतलं आणि पुढे १८९१ च्या सुमारास ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवलं. हे थोरियम यायचं कुठून, तर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतूनही. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून ती वाळू या जाळ्यांसाठी जर्मनीला जात होती. म्हणजे आर्वीच्या लग्नात जळलेल्या जर्मन बत्तीच्या उजेडात थोडी केरळची वाळूही असू शकते.

शोधायची कुठे

इंटरनेटवर नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. तिथे 'अँटिक' म्हणून विकायला ठेवलेल्या बहुतेक बत्त्या माझ्या पहिल्या बत्तीसारख्या असतात: निकल उडवलेल्या, पिवळ्याधमक, तीन बत्त्यांचे भाग जोडून केलेली एक.

विदर्भातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे जुनं बिछायत केंद्र. लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, सगळ्याला सतरंज्या, भांडी आणि बत्त्या भाड्यानं तिथूनच जायच्या. वीज आली तशा बत्त्या गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या. सतरंज्या विकल्या गेल्या, भांडी नव्या पोराच्या कॅटरिंगमध्ये गेली. बत्त्यांना मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्यांचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. अशाच एका गोदामात मला लाल ऑइलपेंटनं नंबर टाकलेल्या अकरा बत्त्या एका रांगेत लटकलेल्या दिसल्या. सगळ्यात मोठा नंबर २४ होता, म्हणजे कधीकाळी निदान चोवीस होत्या. मालकाचा मुलगा म्हणाला, "घ्या ना मास्तर, कोणाच्या कामाची हाय आता? लाइट आली अन् हे बसली माळ्यावर." त्याची आई मात्र दारात येऊन उभी राहिली. "माह्या लग्नात ह्याच होत्या. चार वरातीच्या समोर, चार मागं. घेऊन चालणाऱ्यायच्या डोक्यावर चुंबळ राहे." मी त्यातली १७ नंबरची घेतली. का तीच, ते पुढे येईल.

दुसरी जागा म्हणजे भजनी मंडळं आणि नाटकमंडळ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. आज वडसा या धंद्याचं केंद्र आहे आणि मंचावर हॅलोजन असतात. त्याआधी स्टेजवर गॅसबत्त्या टांगलेल्या असत आणि नाटक रंगात आलं असताना कोणीतरी मध्येच येऊन पंप मारून जाई. त्या बत्त्यांच्या मागे पत्र्याचं परावर्तक बसवलेलं असतं, म्हणजे उजेड एकाच बाजूला पडतो. ते परावर्तक सहसा हरवतं. तुमच्या बत्तीबरोबर मिळालं तर सोडू नका.

तिसरी जागा मालगुजारांचे आणि देशमुखांचे वाडे. इथे घाई करायची नाही. दोनदा चहा पिऊन यायचं, तिसऱ्यांदा बत्तीचा विषय काढायचा. आणि एक नियम मी स्वतःपुरता केला आहे: घरातल्या म्हातारीचा जीव ज्या वस्तूत आहे ती विकत मागायची नाही. फोटो काढायचे, वहीत टिपायचं आणि परत यायचं. काही वेळा दोन वर्षांनी तेच लोक बोलावतात.

कामठी आणि पुलगावकडे मिलिटरी डिस्पोजलचा मालही फिरायचा. लष्करी वस्तूवर बाणाच्या टोकासारखी खूण असते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी मालावर त्या बाणाखाली इंग्रजी 'आय' असतो. ती खूण आणि वर्ष दोन्ही ठोकलेलं सापडलं, तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

घेताना

आधी टाकी. बाकी सगळं मिळतं किंवा करून घेता येतं. टाकी गेली की बत्ती गेली.

टाकी उलटी करा आणि बूड पाहा. ते आत दबलेलं किंवा सपाट असायला हवं. बाहेर फुगलं असेल तर कोणीतरी कधी दाब अति केला आहे. अशी बत्ती शोभेला घ्या, पेटवायला नको. मग बोटानं टाकीभोवती फिरा आणि उन्हात धरून केसासारख्या भेगा शोधा. गोठ्यात टांगलेल्या बत्तीत त्या हमखास असतात, आणि त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ठोकून आकार देताना त्यात राहिलेला ताण, दोन्ही मिळून पितळ फाडत होते, हे १९२१ साली संशोधनातून स्पष्ट झालं. आपल्या गोठ्यात बैल आहेत, अमोनिया तोच. म्हणून "कुठे टांगलेली होती?" हा माझा पहिला प्रश्न असतो. भावाचा प्रश्न नंतर.

मग पंप ओढून पाहा. आतला चामड्याचा वायसर सुकून खडखडीत झालेला असतो, त्याची काळजी नको. पंपाच्या तळाशी एकेरी व्हॉल्व्ह असतो, तो जाम असेल तरी चालेल. पण टाकीतून वर जाणारी उभी नळी, तिच्या टोकाचं निपल (वाफ सुटायच्या बारीक छिद्राचा तुकडा) आणि बाजूचं चाक जागेवर आहे का ते बघा. वरची टोपी, मधली चिमणी, काच, धरायची तार या गोष्टी नंतर जुळवता येतात. काच फुटकी म्हणून बत्ती सोडणारा माणूस मला आवडतो, कारण मग ती मला मिळते.

निकलचा थर उरला आहे का तेही बघा. बहुतेक परदेशी बत्त्या पितळी टाकीवर निकल चढवलेल्या असायच्या. निकलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते. निळसर, आरशासारखी चकाकी असेल तर ते क्रोम, म्हणजे एकतर बत्ती नंतरची किंवा नंतर चढवलेलं.

घरी आणल्यावर: आधी वही

चिंचेला हात लावू नका. पाणी नको, कापड नको. बत्ती पाट्यावर ठेवा, खिडकीजवळ, उन्हाची तिरीप आडवी पडेल अशी. आडव्या उजेडात कोरीव अक्षर उठून दिसतं, समोरच्या उजेडात दिसत नाही. मोबाइलनं चारही बाजूंचे, बुडाचे आणि टोपीच्या आतले फोटो काढा. मग एका पानावर लिहा: कुठून घेतली, कोणाकडून, ते काय म्हणाले, कोणत्या तारखेला. लोकांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहा. "आजोबांनी नागपूरहून आणली" आणि "आजोबा नागपूरला तुरुंगात होते तेव्हाची आहे" या दोन वाक्यांत दहा वर्षांचा फरक असू शकतो.

शिक्के इतक्या ठिकाणी असतात: टाकीचा पुढचा भाग, बुड, पंपाची मूठ, दाबाच्या काट्याची तबकडी, चाक, टोपीचा कडा, काचेची खालची कड, आणि धरायच्या तारेला अडकवलेली पट्टी. प्रत्येक शिक्का वेगळा लिहा. तबकडी एका कंपनीची आणि टाकी दुसरीची निघाली, तर बत्ती दुरुस्त झालेली आहे. तोही तिचा इतिहासच आहे. लाल ऑइलपेंटचा नंबर थिनरनं पुसू नका. मी एकदा पुसणार होतो. हात थांबला तो पहिल्या बत्तीची आठवण आली म्हणून.

शिक्का वाचायचा कसा

सगळ्यात जास्त सापडते आणि जिच्या नावानं अख्खी जात ओळखली जाते ती पेट्रोमॅक्स. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीची. 'पेट्रोलियम' आणि कंपनीचे प्रमुख माक्स ग्रेट्झ यांच्या नावातून १९१० च्या सुमारास हे नाव तयार झालं. टाकीवर 'ई' आणि 'जी' ही अक्षरं असतात. ५०० कँडल पॉवरची (हे उजेडाचं माप) बत्ती ८२९ नंबरची, ३५० ची ८२८. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रेट्झ कंपनी पश्चिम जर्मनीतल्या आल्टेना गावी गेली, म्हणून 'बर्लिन' की 'आल्टेना' हा पहिला फरक. पेट्रोमॅक्सचे भागही आकड्यांनी ओळखतात: निपल ५०, सुई ६८, वाफ करणारी नळी १५२. जुने दुकानदार अजून याच आकड्यांनी बोलतात. नागपूरच्या इतवारीत "सुई द्या" म्हटलं तर स्टोव्हची पिन हातात पडते, "अडुसष्ट द्या" म्हटलं तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग आत जातो.

'पेट्रोमॅक्स'सारख्या दिसणाऱ्या आणि नावाच्या शेवटी 'मॅक्स' चिकटवलेल्या बत्त्याही भरपूर आहेत, देशी आणि चिनी दोन्ही. त्यांना नकली म्हणून हिणवू नका. आपल्याकडे वीज येईपर्यंतचा बराच भार त्यांनीच उचलला. लायसन्सराजच्या काळात परदेशी माल येणं अवघड झालं, तेव्हा गावोगावच्या लग्नांना उजेड देशी कारखान्यांनी दिला. माझ्या मते देशी बत्त्यांचा माग काढणं जर्मनपेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण जर्मन बत्त्यांवर जर्मन लोकांनी केव्हाच काम केलं आहे.

जर्मन बत्तीवर 'डी. आर. पी.' म्हणजे राइश काळचं, १९४५ पर्यंतच्या जर्मनीचं पेटंट, 'डी. आर. जी. एम.' म्हणजे नोंदवलेली रचना. ही दुसरी पद्धत १८९१ पासूनची. 'डी. बी. पी.' किंवा 'डी. बी. जी. एम.' दिसलं की ते युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीचं. 'वेस्टर्न जर्मनी' छापलेली बत्ती १९४९ नंतरची धरायला हरकत नाही. पेटंटचा नंबर पूर्ण वाचता आला तर युरोपियन पेटंट ऑफिसच्या एस्पासनेट या संकेतस्थळावर टाकून बघा, ते फुकट आहे. पण तिथे निघालेलं वर्ष शोधाचं असतं, बत्तीचं नाही. नवा माणूस इथे नेहमी फसतो आणि १९५० ची बत्ती १९२० ची म्हणून मिरवतो. पेटंटवरून एवढंच कळतं की बत्ती त्याच्या आधीची नाही.

काचेवर 'शॉट, येना' असेल आणि जोडीला 'माइन्झ' असेल, तर काच १९५२ नंतरची. शॉटचा माइन्झचा कारखाना तेव्हा सुरू झाला. पण काच फुटते आणि बदलली जाते. काचेवरून बत्तीचं वय काढणं म्हणजे चपलेवरून माणसाचं वय काढणं.

इंग्रजी टिली बत्ती ओळखायला सोपी. तिची जाळी वरून लोंबत नाही, मधून नळी जाते आणि जाळी दोन्ही बाजूंनी उघडी असते. आधीचा पत्ता लंडनच्या हेंडनचा, नंतरचा उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टचा. एक्स २४६ हे त्यांचं युद्धानंतरचं गाजलेलं मॉडेल. हॅलिफॅक्सच्या विलिस अँड बेट्सची व्हॅपालक्स याच घाटाची आणि ब्रिटिश फौजेची आवडती. स्वीडनच्या प्रायमसनं १९११ पासून दर वर्षाला एक अक्षर दिलं: 'ए' म्हणजे १९११, 'बी' म्हणजे १९१२. इतकं सोपं कोणीच केलेलं नाही. लाइपझिगच्या हासागची बत्ती मिळाली तर ती ठेवा, पण कंपनीचा इतिहासही ठेवा. दुसऱ्या महायुद्धात त्या कंपनीनं छळछावण्यांतल्या कैद्यांकडून गुलामीचं काम करून घेतलं. अमेरिकेच्या विचिटातली कोलमन बहुतेक वेळा पेट्रोलसारख्या हलक्या इंधनावर चालणारी असते. तिच्यात रॉकेल नाही आणि आपल्या बत्तीत पेट्रोल नाही, हे पाटीवर लिहून लावा.

देशी बत्तीवर आय. एस. आय. शिक्का असेल तर ती १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरची. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसतं 'मुंबई २' किंवा 'मुंबई ३' असेल तर सहसा त्याआधीची.

विदर्भाचं बिल

हा माझा लाडका भाग. पुणेवाल्यांकडे हे नाही.

बत्तीचं बिल, पावती, वहीतली नोंद, खोक्याचा तुकडा, काहीही मिळालं तर आधी पत्त्यातलं राज्य वाचा. आपल्या भागानं नकाशा इतक्या वेळा बदलला की बिलाच्या डोक्यावरूनच वर्ष निघतं. 'सी. पी. अँड बेरार' (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) असेल तर १९०३ ते १९५०. नुसतं 'सी. पी.' किंवा 'बेरार' असेल तर त्याच्याही आधीचं असू शकतं. अकोला, अमरावतीचे व्यापारी 'बेरार' लिहीत, नागपूर, भंडाऱ्याचे 'सी. पी.'. 'मध्य प्रदेश' असेल तर १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६, तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती. 'बॉम्बे स्टेट' किंवा 'मुंबई राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०, म्हणजे जेमतेम साडेतीन वर्षांची खिडकी. त्यानंतर महाराष्ट्र.

मग पैसे बघा. रुपये, आणे, पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. हे दोन्ही एकत्र केलं की कधी कधी वर्ष अगदी चिमटीत सापडतं. माझ्याकडच्या एका पावतीवर डोक्याला 'मध्य प्रदेश' छापलेलं आहे आणि खाली रक्कम नये पैशात लिहिलेली. चूक नाही. दुकानदारानं छापलेलं बिलबुक संपेपर्यंत वापरलं. म्हणून दोन्ही बाजूंना वर्षभराची सूट धरा.

वहीत शके असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चच्या नोंदीला ७९. आणि टाकीवर ठोक्यानं कोरलेलं नाव असेल, तर ते आंदणाचं किंवा भाड्याच्या मालाचं. भांड्यांवर नाव टाकणारे कासार हे नाव लहान लहान ठिपक्यांनी काढत. लग्नाच्या भांड्यावर कधी कधी तिथीही असते. ती वाचता आली तर पंचांग काढून बसा. एका बत्तीचं लग्न मी असंच दोन दिवसांत शोधून काढलं. नवरा-नवरी अजून बाकी आहेत.

साफसफाई, आणि थोडीच

वहीचं काम संपल्यावर कोमट पाणी आणि थोडा भांडी धुण्याचा साबण, मऊ कापड, बस. निकलवर राख, तारेची घासणी, पॉलिश पेपर काहीही नको. गंजलेल्या पत्र्याच्या टोपीला थोडं मशीनचं तेल लावून आठवडाभर ठेवा, मग कापडानं पुसा. नुसती पितळी बत्ती असेल, निकल आधीच उडालेलं असेल, तर पितांबरी चालेल, पण शिक्क्यापासून दोन बोटं दूर.

पंपाचा चामड्याचा वायसर काढून तेलात भिजवा. इथे आपल्या भागातली एक चूक सांगतो. घरात जवसाचं तेल असतं म्हणून लोक तेच लावतात. जवसाचं तेल हवेत सुकतं आणि चामडं लाकडासारखं होतं. खोबरेलही नको, डिसेंबरच्या थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, रात्रभर भिजवा, बोटानं वायसरच्या कडा बाहेर पसरवा आणि पंपात थोडा तिरका करून आत घाला. पंप मारताना हाताला हवा दाबल्यासारखी लागली की झालं.

टाकीचं झाळकाम जुनं असतं. ते घरी गॅस टॉर्चनं करायला जाऊ नका. रिकाम्या टाकीत उरलेल्या रॉकेलच्या वाफेचा स्फोट होतो. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. तिथे पितळाचं झाळकाम पिढ्यान्पिढ्या करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जा, आणि टाकी आधी पाण्यानं भरून, हलवून, उन्हात वाळवून न्या.

पेटवायची असेल तर

मी माझ्या दहापैकी तीनच पेटवतो. बाकीच्या नुसत्या राहू देतो.

पहिल्यांदा रॉकेल न घालता हवा भरा आणि सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर तो सांधा दुरुस्त होईपर्यंत पेटवणं बंद. बुडबुडा नसेल तर टाकी पाऊण भरा, काठोकाठ नको, हवेला जागा लागते. इंधन फक्त स्वच्छ रॉकेल. रेशनच्या दुकानातलं निळं रॉकेल आता सहसा मिळत नाही म्हणून काही लोक त्यात पेट्रोल मिसळतात. तो बॉम्ब आहे. संशय असेल तर ते रॉकेल विहिरीवरच्या इंजिनालाही घालू नका.

नवी जाळी दोऱ्यानं घट्ट बांधा, घडी सारखी करा आणि पहिल्यांदा जाळून घ्या. ती राखेसारखी पांढरी आणि नाजूक होते, मग हात लावायचा नाही. जुनी जाळी फुटली तर राख फुंकू नका, ओल्या कापडानं उचला आणि हात धुवा. थोरियम थोडं किरणोत्सारी असतं. पोटात किंवा छातीत जाऊ नये एवढीच काळजी. आजच्या बऱ्याच जाळ्यांत थोरियम नसतं.

नळीखालच्या छोट्या वाटीत स्पिरिट घाला, पेटवा आणि ते जवळपास संपेपर्यंत थांबा. नळी तापल्याशिवाय पंप मारला तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं आणि बत्ती भडकते. भडकली तर घाबरून पळू नका, हवा सोडायचा स्क्रू ढिला करा, दाब गेला की आग बसते. म्हणूनच पहिल्यांदा अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब. नळी तापली की पंप हळूहळू, काटा लाल खुणेच्या आत. जाळी आधी निळसर, मग पिवळी, मग एकदम पांढरी होते आणि तो ओळखीचा फुस्स आवाज सुरू होतो. एक लिटरच्या आसपास रॉकेलवर ५०० ची बत्ती साधारण आठ तास जळते. एक नाटक, एक भजन किंवा एक वरात.

बंद खोलीत पेटवू नका.

विकायचं, पाठवायचं असेल तर

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू परदेशी पाठवण्यावर बंधन आहे. बत्ती १९२० च्या आसपासची वाटत असेल तर परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या मागे लागू नका. देशातल्या देशात देवाणघेवाण करा. पैशापेक्षा भागाच्या बदल्यात भाग, हा व्यवहार या छंदात जास्त टिकतो.

आता १७ नंबर. गोदामात अकराच्या अकरा बत्त्या एकाच घाटाच्या दिसत होत्या, पण आडव्या उजेडात १७ च्या टाकीवर लाल पेंटच्या खाली दुसरं काहीतरी होतं: ठिपक्यांनी कोरलेली चार अक्षरं. पेंट काढला तर अक्षरं वाचता येतील, नंबर जाईल. ठेवला तर उलट. सध्या वहीतलं तिचं पान असं आहे:

"१७. ८२९ घाटाची, टाकीवर कंपनीचा शिक्का नाही. पंपाची मूठ बदललेली. काच नाही. बुड सपाट. दाब धरते. कोरीव चार अक्षरं, पहिलं बहुधा 'गो' किंवा 'मो', शेवटचं 'ळे'. पेंट काढला नाही. म्हातारीला विचारणे: बिछायत केंद्र सुरू व्हायच्या आधी ही बत्ती कोणाकडे होती? पोळ्यानंतर जाणे."